नमस्कार आणि साक्ष

लिंक्डइनवरचं माझं पान भाच्यानं काढून दिलं. त्या पानावर विश्वास ठेवायचा तर माझ्या ठायी सगळ्यांत थोर गुण ‘लीडरशिप’ हा आहे. त्याखाली ‘टीम मॅनेजमेंट’. ‘डायमेन्शनल इन्स्पेक्शन’, म्हणजे ज्या कामावर माझं घर चाललं, पोरं शिकली, ते पार तळाला. शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी तपासणीला आहे. फाउंड्रीतून ओतीव माल येतो, मशीनवर त्याचं बोअरिंग-फेसिंग होतं आणि गाडीत चढण्याआधी तो माझ्या टेबलावरून जातो. माझ्या हाताखाली कधी फार माणसं नव्हती, आणि जी होती ती ऐकणाऱ्यांतली नव्हती. तरी माझ्या लीडरशिपची ग्वाही देणाऱ्यांत एक विमा एजंट आहेत, भाच्याच्या ऑफिसातली मुलं आहेत आणि कटिंग टूल विकायला येणारा एक सेल्समन आहे, ज्याला मी आजवर ‘साहेब जेवायला गेलेत’ यापलीकडं काही बोललेले नाही.

यात कुणाचा डाव नाही. चांगली माणसं आहेत. बटण समोर आलं, दाबलं. भाचा हिंजवडीला असतो. तो म्हणाला, “मावशी, मी तुला एन्डॉर्स करतो, तू मला कर. सगळे असंच करतात.” त्याच्या यादीत पायथॉन होतं, क्लाउड होतं, ‘स्टेकहोल्डर कम्युनिकेशन’ नावाचं काहीतरी होतं. मी म्हटलं, अरे, यातलं मला काय कळतंय? तर म्हणाला, “कळायला कशाला पाहिजे? नमस्कार केल्यासारखं असतं ते.”

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. नमस्कार करायला माझी कधीच ना नसते, पण इथं माझ्या नावासमोर लिहिलं जाणार होतं की या मुलाला पायथॉन येतं हे मी सांगते. माझी सगळी नोकरी सही करण्यात गेली. रिपोर्टवर माझी सही म्हणजे हे बोअर मी मोजलं आणि ते मापात आहे. न मोजता सही मारणाऱ्यांना आमच्याकडं एक शब्द आहे, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

आमच्या गल्लीत संस्कृतचे एक निवृत्त सर राहतात. रविवारी सकाळी आम्ही काही जणी त्यांच्याकडं ‘तर्कसंग्रह’ वाचायला बसतो. अन्नंभट्टांचं सतराव्या शतकातलं छोटं पुस्तक, न्याय आणि वैशेषिक ही दर्शनं शिकणाऱ्या पोरांसाठी लिहिलेलं. न्यायवाले ज्ञानाची चार साधनं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पहिली तीन पटकन गळी उतरली, चौथ्यावर आमचं घोडं अडलं. डोळ्यांनी पाहिलं ते ज्ञान, हे ठीक. धुरावरून आगीचा अंदाज बांधला, तेही ठीक. पण दुसऱ्यानं तोंडानं सांगितलं म्हणून मला कळलं, असं कसं? चार्वाकांनी तर हे धुडकावूनच लावलं होतं.

सर म्हणाले, तुम्ही तुमच्या जन्मतारखेपासून दिल्लीपर्यंत जे जे जाणता त्यातलं बहुतेक कुणीतरी सांगितलेलंच आहे. ते काढून टाका आणि उरतं किती ते बघा. प्रश्न सांगणाऱ्याचा आहे. मग त्यांनी गौतमाच्या न्यायसूत्रांवरचं वात्स्यायनाचं भाष्य काढलं. कुणाचा शब्द धरावा? तर ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, त्याचा. एवढंच. आणि पुढं तो लिहितो की ही खूण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखीच लागू आहे. मी वहीत ते अधोरेखित करून ठेवलंय. जात नाही, पदवी नाही, गोत्र नाही. तुला ठाऊक आहे का, आणि आहे तसं सांगतोस का?

आता हे माझ्या सेल्समनला लावून बघा. माझी लीडरशिप त्यानं पाहिलेली नाही, म्हणजे पहिल्या अटीलाच तो बाद. दुसरीत तर विचारायलाच नको, त्याला मला खूश करायचं होतं. मग तो खोटं बोलला का? मला तसं वाटत नाही. खोटं बोलायलाही आधी काय खरं ते माहीत असावं लागतं. त्याचं म्हणणं खरंही नाही, खोटंही नाही, ते मुळात सांगणंच नाही.

वैशेषिकांचं मत इथं जास्त कामाला येतं. ते म्हणतात, शब्द हे वेगळं साधन नाहीच, तो अनुमानाचाच प्रकार आहे. माणूस बोलला यावरून आपण काहीतरी ताडतो. चांगला भरती अधिकारी नेमकं हेच करतो. काय म्हटलंय ते सोडतो, कुणी आणि का म्हटलंय ते धरतो. सेल्समनच्या त्या एका क्लिकवरून मी लीडर आहे हे सिद्ध होत नाही, पण आमच्या शॉपमध्ये त्याला इन्सर्ट खपवायची आहेत हे अगदी पक्कं सिद्ध होतं.

ही सोय आली २०१२ च्या सप्टेंबरात. त्याआधी लिंक्डइनवर कुणाची शिफारस करायची तर चार ओळी लिहाव्या लागत, म्हणजे त्या माणसाविषयी निदान चार ओळी सुचाव्या लागत. मग एन्डॉर्समेंट आली आणि लिहिणं संपलं. सुरुवातीच्या काळात पानाच्या माथ्यावर चौकट यायची: अमक्याला हे येतं का, तमकीला ते येतं का, अशी चार तोंडं, आणि खाली एकच बटण, चौघांनाही एकदम एन्डॉर्स करा. प्रश्न यंत्रानं विचारायचा, उत्तरही जवळपास यंत्रानंच भरायचं, माणसानं फक्त बोट लावायचं. शंभरी गाठली की आकडा मोजणंही थांबे आणि नुसतं ‘९९+’ दिसे. पुढं २०१९ मध्ये कंपनीनं छोट्या परीक्षा आणल्या, प्रश्न सोडवा आणि बिल्ला मिळवा; त्याही काही वर्षांत गुंडाळल्या. म्हणजे साक्षीनं भागत नाही हे तिलाही कळलं होतं, आणि परीक्षेनंही भागलं नाही.

साक्षीला पूर्वी किंमत मोजावी लागे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात खोट्या साक्षीचा हिशेबच मांडलाय: जनावरासाठी खोटं बोललात तर पाच आप्तांच्या हत्येचं पाप, गाईसाठी दहा, घोड्यासाठी शंभर, माणसासाठी हजार. हिशेब वाचून हसू येतं, पण त्यामागची जाण खोटी नाही. तोंड उघडणाऱ्यानं काहीतरी पणाला लावलंच पाहिजे. मात्र त्याच अध्यायात बाईची साक्ष बाईपुरती, आणि बाया कितीही शुद्ध असल्या तरी त्यांची बुद्धी स्थिर नाही, असंही आहे. स्थिर नसलेल्या बुद्धीनं मी मायक्रॉन मोजत आले आहे. तेव्हा मनूची तराजू मी घेते, मापं वात्स्यायनाची घेते.

मराठेशाहीतले महजर कुणी पाहिले असतील तर त्यांना दुसरी एक गोष्ट आठवेल. वतनाचा, शिवेचा तंटा गोतसभेपुढं आला की निवाड्याच्या कागदावर गावच्या मंडळींच्या निशाण्या होत. पाटलाच्या नावापुढं नांगर. बलुतेदारानं आपल्या धंद्याचं हत्यार काढायचं. लिहिता न येणाऱ्यांची ही सोय होती हे खरं. पण मला ती चित्रं फार बोलकी वाटतात. साक्ष देणारा आधी सांगतो की मी कोण, माझ्या हातात काय असतं. लिंक्डइनवर एन्डॉर्स करणाऱ्याच्या पुढंही त्याचा हुद्दा असतोच, पण कोण बघतं? आकडा बघतात.

माझ्या धंद्यात या प्रश्नाला रीतसर उत्तर आहे. नवीन गेज आलं किंवा नवीन ऑपरेटर मापायला बसला की आम्ही ‘गेज आर अँड आर’ करतो. दहा नग घ्यायचे, तीन माणसं, प्रत्येकानं तेच दहा नग तीन-तीनदा मापायचे, आधीची मापं न बघता, नग उलटसुलट करून. मग आकडेमोड. एकाच माणसाची तीन मापं आपसांत किती हलतात, आणि माणसामाणसात किती फरक पडतो. दहा टक्क्यांच्या आत आलं तर गेज चांगलं, तीसच्या वर गेलं तर त्या मापावर मालाचा निकाल करायचा नाही, मधल्यात असेल तर काम बघून ठरवायचं. या सगळ्या खटाटोपात नग तपासला जात नाही. तपासला जातो तो तपासणारा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा गंमत वाटली होती. ज्या वरिष्ठांना आम्ही ‘बोटानं मायक्रॉन सांगतात’ म्हणून मानायचो त्यांचीच मापं सगळ्यांत जास्त हलली होती, आणि ते दिवसभर कुणाशी बोलले नव्हते.

मग तपासणाऱ्याला कोण तपासणार? न्यायवाल्यांना ही अनवस्था चांगलीच परिचयाची. आमचं प्लग गेज लॅबमधल्या मापावर तपासलं जातं, लॅबची मापं तिच्याहून वरच्या लॅबमध्ये, असं करत साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिच्याही वर मीटरची व्याख्या आहे. १९८३ पासून मीटर म्हणजे प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर कापतो तेवढं. तिथं साखळी थांबते, कारण तिथं सगळ्या देशांनी मिळून थांबायचं ठरवलं. कुठंतरी विश्वास ठेवावाच लागतो. फक्त तो कुठं ठेवलाय ते कागदावर लिहिलेलं असावं. आमच्या प्रत्येक गेजवर स्टिकर असतो: कधी तपासलं आणि पुढची तारीख कोणती. प्रमाणपत्रावर हेही असतं की हे माप वीस अंश सेल्सियसला खरं आहे आणि यात एवढी एवढी अनिश्चितता धरा. एन्डॉर्समेंटला ना तारीख, ना तापमान, ना अनिश्चितता. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी म्हटलं ते आजही तेवढ्याच तोऱ्यात उभं.

कौशल्याची साक्ष म्हटली की महाराष्ट्रात गोरोबाकाका आठवणारच. तेरचे कुंभार. कथेची रूपं अनेक आहेत, पण गाभा सगळ्यांना माहीत आहे. संतमंडळी जमली. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं दाखवून विचारलं, काका, हे काय? ते म्हणाले, मडकी कच्ची की पक्की हे यानं कळतं. मग बघा ना आमच्यातली कोणती कच्ची आहेत. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र कळवळले, चिडले. हे मडकं कच्चं, असा निकाल झाला.

या कथेचा अर्थ कीर्तनात सांगतात तो गुरूशिवाय गती नाही असा. तो असेलच. मला तीत साक्षीचा निवाडा दिसतो. नामदेवांजवळ एन्डॉर्समेंट कुणाची होती? प्रत्यक्ष विठ्ठलाची. त्यांच्या हातचा नैवेद्य देवानं खाल्लेला. याहून मोठी शिफारस कोणती आणायची? पण जवळीक वेगळी आणि पक्केपण वेगळं, आणि ते ओळखायला ज्यानं आयुष्यभर भट्टी लावली तोच लागतो. पुन्हा विचारणारी कोण ते बघा. मुक्ताबाई. जिच्या भावंडांना ब्रह्मवृंदानं पैठणहून शुद्धिपत्र आणायला पिटाळलं, ज्यांच्या आईबापांना प्रायश्चित्तात प्राण द्यावे लागले, ती मुलगी कागदाच्या नादी न लागता निवाडा कुंभाराकडं सोपवते. वात्स्यायनाचा म्लेच्छ मला इथं अंगणात बसलेला दिसतो. आणि नामदेवांचं काय झालं? ते पंढरपूरला जाऊन रडले, देवानंही कुंभाराचीच बाजू घेतली आणि त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडं धाडलं. त्या कच्च्या मडक्याची ६१ पदं पुढं गुरू ग्रंथ साहिबात गेली. सगळ्यांनी त्या दिवशी त्यांना ‘९९+’ दिलं असतं तर ते औंढ्याला गेले असते का, हा माझा प्रश्न आहे.

थापटणं हे खरं तर ओल्या मडक्याला ठोकून आकार द्यायचं हत्यार. तपासणीचं नव्हेच. कथा रचणाऱ्यानं मुद्दाम तेच घेतलं असेल का, कोण जाणे.

पण त्याच संप्रदायात दुसरीही एक रीत आहे. वारीत कुणीही कुणाच्या पाया पडतो. म्हातारा पोराच्या, बाई बुवाच्या, बुवा बाईच्या. समोरचा कोण, काय करतो, पक्का की कच्चा, कुणी विचारत नाही. सगळ्यांना एकच हाक, माउली. या पाया पडण्याला अट नाही, परतफेड तिथल्या तिथंच होते, आणि त्यानं कुणाची फसवणूक होत नाही, कारण त्यात कुणाच्या अंगच्या गुणाचा दावाच नाही. वारकऱ्यांनी नमस्कार सगळ्यांना वाटला आणि थापटणं एकाच्याच हातात दिलं. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं नाही.

भाच्याचं चुकलं होतं ते इथं. तो म्हणत होता ते नमस्काराविषयी खरं होतं. माणसाला माणसानं बरं म्हणावं, चारचौघांत हात वर करावा, यात वावगं काय? परगावी एकट्यानं नोकरी शोधणाऱ्या पोराला त्याचा आधार वाटतो, आणि तो आधार मी हलका मानत नाही. पण त्या नमस्काराला साक्षीचा अंगरखा घातला की तिसऱ्याची पंचाईत होते. नमस्कार दोघांतला असतो. साक्ष नेहमी तिसऱ्यासाठी असते, जो तिथं नव्हता आणि जो त्या शब्दावर पैसे, वेळ, कधी कधी जीव टाकणार आहे. ब्रेकचा भाग आमच्याकडून जातो तेव्हा तो तिसरा कुठल्या घाटात गाडी चालवत असेल ते मला माहीत नसतं. बटण बनवणाऱ्यांनी दोन्ही एकाच बोटाखाली आणून ठेवलं. मी भाच्याला एक्सेलसाठी एन्डॉर्स केलं. आमच्या रिजेक्शनच्या शीटला त्यानं माझ्याच स्वयंपाकघरात बसून सूत्रं घालून दिली होती, ती मी रोज वापरते. पायथॉनला हात लावला नाही. तो म्हणाला, “मावशी, एक्सेल आता कोण बघतंय!” त्याला काही दिवस राग होता. एचआरवाल्यांना हजारो अर्ज असतात, ते आकड्यावरूनच चाळतात, हे त्याचं म्हणणंही मी ऐकून घेतलं. चाळणी लावायला माझी हरकत नाही. आम्हीही मोठ्या लॉटमध्ये नमुनाच काढतो. पण नमुना निदान मोजतो.

आणि ज्यांना खरी साक्ष हवी ते त्या पानांवर नसतातच. आमच्याकडं एक मिस्त्री होते, स्क्रॅपिंगचे. लेथचा बेड झिजला की तो हातानं खरवडून सरळ करायचा, हे काम. सपाट पट्टीला निळी शाई पातळ लावायची, बेडवर घासायची, जिथं उंचवटा तिथं निळा ठिपका उठतो. तो ठिपका स्क्रॅपरनं काढायचा, पुन्हा शाई, पुन्हा ठिपके. ठिपके बारीक होत होत सगळीकडं सारखे पसरले की काम झालं. एका बेडला दिवसच्या दिवस लागतात. मिस्त्री डोळ्यांनी कमी, मनगटानं जास्त बघायचे. स्क्रॅपर मांडीच्या वर कमरेला टेकवून सगळं अंग पुढं ढकलायचे. शाळा सातवी. आयटीआय नाही, कागद नाही, फोन साधा. त्यांनी केलेला बेड मी लेव्हल आणि डायल लावून तपासायची, आणि फार क्वचित काही सांगायला जागा असायची.

शॉप बदललं, मिस्त्रींचं काम सुटलं. गोकुळ शिरगावच्या एका कारखानदारांना तसा माणूस हवा होता. मी शब्द टाकला. फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला. मिस्त्रींचं काम मला माहीत होतं, पण नव्या जागी, नव्या मशीनवर, साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचं मनगट चालेल का? मी कारखानदारांना पुन्हा फोन करून तेही सांगितलं. काम कसं करतात ते सांगितलं, वय सांगितलं, सकाळी उशिरा येतात तेही सांगितलं, आणि मी त्यांचं काम शेवटचं कधी तपासलं ती तारीख सांगितली. कारखानदार हसले. म्हणाले, “ताई, शिफारस करताय की तक्रार?”

न्यायवाले म्हणतात ज्ञान खरं की खोटं हे ते वापरून बघितल्यावरच कळतं. पाणी म्हणून जे दिसलं त्यानं तहान भागली तर ते पाणी. मीमांसकांना हे मान्य नाही, ते म्हणतात की खोटं ठरेपर्यंत ज्ञान आपोआप खरंच. मला या भांडणात पडायचं नाही. त्या कारखानदारांचा पुन्हा फोन आला तो पावसाळा संपल्यावर. दोन बेड झाले होते, माप बघून ते खूश होते. मिस्त्री उशिरा येतात म्हणाले, मी म्हटलं सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं, असा अजून कुणी आहे का तुमच्या माहितीत. मी म्हटलं, आहेत एकदोन जण त्या कामातले, पण त्यांचं काम मी तपासलेलं नाही.